नाम बोलिए, काम बोलिए

आमच्या नानांना सर्जन असूनही एका जागी उभं राहता येत नाही. ऑपरेशनआधी हातमोजे घालून, हात छातीशी धरून ते थिएटरभर येरझाऱ्या घालतात आणि प्रत्येकासमोर थांबून म्हणतात, "नाम बोलिए, काम बोलिए." मी त्यांच्याच गल्लीत राहते, गणपतीत त्यांच्याकडेच जेवते. तरी रोज सांगायचं, मी मेधा, भूल देणार. मग पेशंट कोण, बाजू कोणती, रक्त आणलंय का, सगळं मोठ्यानं. शेवटी ठरलेला प्रश्न, "किसी के मन में कुछ खटक रहा है?" नुसती मान हलवलेली चालत नाही. तोंड उघडून बोलायचं. एकदा नव्या सिस्टरनं चाचरत सांगितलं की पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीवर नाव भलतंच आहे, तर नानांनी सगळ्यांदेखत तिला हात जोडले.

बाहेरही तीच तऱ्हा. इथे काशीत दशाश्वमेध घाटावर होडीत पाय ठेवण्याआधी नावाड्याची उलटतपासणी. पुतणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना गुरुजींना थांबवून विचारलं, "वधू हीच ना?" काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, कपाळाला हात लावला.

मागच्या महिन्यात काकूंचंच पित्ताशय काढायचं ठरलं. ऑपरेशन दुसरे सर्जन करणार, नाना नुसते कोपऱ्यात उभे राहणार. मी काकूंना विचारलं, "सकाळपासून पोटात काही नाही ना?"

"छे गं, कडकडीत उपाशी आहे."

नाना कोपऱ्यातून हलले नाहीत. म्हटलं, चला, आज तरी डोक्याला ताप नाही. सगळ्यांची नावं झाली. सिस्टरनं गमतीनं त्यांनाही विचारलं, "नाम बोलिए, काम बोलिए."

"माधव," नाना म्हणाले आणि अडले. मग हळूच म्हणाले, "नवरा."

भुलीचं इंजेक्शन माझ्या हातात तयार होतं. शेवटचा प्रश्न आज मीच विचारला. सगळे नाही म्हणाले. नानांनी मान हलवली.

"नाना, मान हलवलेली चालत नाही."

"पेढा," ते म्हणाले. "सकाळी देवळातून आणला. मीच भरवला तिला."

"अगं, प्रसाद कुठे खाण्यात धरतात?" काकू टेबलावरून म्हणाल्या.

भुलीत तो पेढा उलटून श्वासनळीत गेला असता, तर काकू हातच्या गेल्या असत्या. मी इंजेक्शन खाली ठेवलं आणि नानांवर अशी चिडले की विचारू नका. "साऱ्या जगाला नियम शिकवता, आणि तुम्हीच?"

"भीती वाटली गं," नाना म्हणाले. "ही नसली, तर मी काम काय सांगू?"

माझा राग तिथेच संपला. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं आणि नीट झालं. पण त्या सकाळी काकूंनी टेबलावरूनच हात पुढे केला, आणि स्ट्रेचर येईपर्यंत नाना तो धरून एका जागी उभे होते.