झीज वॉरंटीत बसत नाही

आमच्या मजल्यावरचे बांदेकर आजोबा गेले, तेव्हा तिरडीचं सामान आणायला गावडेकाका आणि मी गेलो होतो. दुकानदाराने दोन बांबू पुढे टाकले. काकांनी एक उचलला, डोळ्यापाशी धरून तो सरळ आहे का ते पाहिलं, जमिनीवर आपटून आवाज ऐकला आणि विचारलं, "तुटला तर बदलून देणार?"

दुकानदाराने रडणारी गिऱ्हाइकं पुष्कळ पाहिली असतील, असं गिऱ्हाईक पहिलंच. तो म्हणाला, "काका, हा एकदाच वापरायचा असतो."

"म्हणूनच विचारतोय. एकदाच वापरायची वस्तू, ती तरी एकदा नीट चालायला नको? लेखी दे."

आणि त्या माणसाने बिलावर लिहून दिलं! बांबू अर्थातच तुटला नाही. आजोबा सुखरूप पोहोचले. काकांनी मात्र ते बिल बाराव्यापर्यंत खिशात ठेवलं होतं.

हे आमचे गावडेकाका. लालबागला आमची चाळ पाडून टॉवर झाला, माणसं तीच राहिली, त्यामुळे पूर्वी जे दाराशी उभे राहून आमच्या नव्या पंख्याची चौकशी करायचे, ते आता लिफ्टमध्ये गाठून करतात. "नवा घेतलास? किती वर्षांची दिली? पावती कुठे ठेवलीस? बायकोकडे? गेली मग."

याला कारण त्यांची नोकरी. मिक्सर आणि पंखे बनवणाऱ्या एका कंपनीच्या परळच्या दुरुस्ती केंद्रात काका आयुष्यभर काउंटरवर बसले. वस्तू दुरुस्त करणारे आत बसत. काकांचं काम नाही म्हणण्याचं. "मिक्सर हातातून पडला? वॉरंटीत बसत नाही. मोटरमध्ये पाणी गेलं? बसत नाही. शेजारणीला वाटायला दिला होता? अहो बाई, अजिबात बसत नाही!" गिरगावपासून शीवपर्यंतच्या बायकांनी या माणसाला इतके शाप दिले आहेत की त्यातला एखादा तरी लागणारच होता, असं खुद्द शैलाकाकी म्हणायच्या. शैलाकाकी म्हणजे त्यांची बायको.

काउंटर सुटला, पण 'बसत नाही' सुटलं नाही. आमच्या सोसायटीत एकाचा जावई दारू पितो असं कळलं, तर काकांनी मुलीच्या बापाला पहिला प्रश्न विचारला, "लग्नाआधीपासून पीत होता की नंतर लागला?"

"नंतर."

"मग वापरामुळे झालेला दोष. बसत नाही. आधीपासून असता तर परत पाठवता आला असता."

घरात कशावरचंही प्लास्टिक काढायचं नाही, हा दुसरा नियम. रिमोट प्लास्टिकमध्ये, फ्रिजचं हँडल प्लास्टिकमध्ये, सोफा तर आख्खा. मे महिन्यात त्या सोफ्यावरून उठताना माणूस सोलून निघाल्यासारखा आवाज होई. काकी चहा देता देता सांगायच्या, "मलाही गुंडाळलं असतं रे सुध्या यांनी. श्वास घ्यायचा प्रश्न आला म्हणून राहिलं."

मग काकींच्या किडन्या गेल्या.

आठवड्यातून तीनदा शीवच्या हॉस्पिटलात डायलिसिस सुरू झालं. पहिल्यांदा डॉक्टरांना भेटायला गेले, तेव्हा काकांनी मला बरोबर नेलं होतं. डॉक्टर तरुण होता, नीट समजावून सांगत होता. वय, साखर, हृदयही थकलेलं, किडनी बदलणं झेपणार नाही, वगैरे. काकांनी सगळं ऐकलं आणि काउंटरवरच्या आवाजात विचारलं, "किती वर्षं धरायची?"

"काका, अशी गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही."

"गॅरंटी मागतोय कोण?" काका पुढे सरकले. "डॉक्टर, यात लोकांची नेहमी गल्लत होते. गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून देतात. वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून देतात. मला बदलून नकोय. हीच हवी आहे. दुरुस्त करून द्या."

डॉक्टरने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाला, "ही झीज आहे हो. झीज थांबवता येत नाही, जरा लांबवता येते."

काकांनी मान हलवली. झीज हा शब्द त्यांनी स्वतः हजार बायकांना ऐकवला होता. झीज कुठेच बसत नाही.

गाडीची गोष्ट यानंतरची. डायलिसिसहून परतताना काकींना टॅक्सीत मळमळायचं. काका पिशवी धरून बसायचे. एकदा पिशवी उघडायला उशीर झाला आणि हिंदमाताच्या सिग्नलला सीट खराब झाली. टॅक्सीवाल्याने शिव्या घालत दोघांना तिथेच उतरवलं. काकी फूटपाथच्या कडेला बसून राहिल्या आणि काका आपल्या रुमालाने त्याची सीट पुसत होते, पुसून होईपर्यंत तो शिव्या देत होता. हे मला काकींनीच सांगितलं, वर हसून म्हणाल्या, "सीटवर प्लास्टिक ठेवलं असतं तर डाग लागलाच नसता, असं म्हणत होते हे."

पुढच्याच महिन्यात काकांनी जाहीर केलं, "गाडी घेतोय. आता आपल्याच गाडीत ओक. कोण बोलतो बघू."

पासष्ट ओलांडलेला माणूस गाडी शिकला. शिकवणाऱ्याच्या गाडीत बसताच काकांनी विचारलं, "तुमच्याकडे शिकलेल्याने ठोकली तर जबाबदारी कोणाची?" शिकवणारा त्या दिवसापासून दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून बसायचा.

शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. काकी म्हणाल्या, "मला पण यायचंय, यांचा खेळ बघायला." प्रियांका नावाची मुलगी समोर होती. गाडीचा रंग, मायलेज, काही नाही, काका थेट वाढीव वॉरंटीवर आले. कंपनीची मुदत संपल्यानंतरची. प्रियांका खुलली. ही बिचारी रोज लोकांच्या गळ्यात वाढीव वॉरंटी मारायला धडपडते, आणि इथे गिऱ्हाईक स्वतःच गळा पुढे करून बसलेलं.

"सगळं कव्हर आहे काका!"

"सगळं हा शब्द मी पण वापरायचो. टायर?"

"टायर नाही."

"बॅटरी? वायपर? क्लच प्लेट?"

"ती झीज होते ना काका. झीज सोडून सगळं."

"म्हणजे जे होणारच आहे, नेमकं तेवढं सोडून." काका खूश झाले. आपल्या जातीचं माणूस भेटल्याचा आनंद होता तो. "उंदीर?"

"काय?"

"लालबागचा उंदीर. वायर कुरतडली तर?"

"काका, कंपनीत बनलेला दोष असेल तरच बसतं. उंदीर कंपनीने बनवलेला नाही."

"क्या बात है!" काकांनी माझ्याकडे वळून बघितलं. "ही मुलगी माझ्या काउंटरवर असती तर मी लवकर रिटायर झालो असतो."

मग त्यांनी सगळ्यांत लांब मुदतीची वॉरंटी घेतली आणि गाडी काकींच्या नावावर करायला सांगितली. काकी म्हणाल्या, "अहो, मला डॉक्टर दिवाळीचंसुद्धा बोलत नाहीत, तुम्ही वर्षांवर वर्षं कसली घेताय?"

"वस्तू ज्याच्या नावावर, त्याने मुदत पुरी करायची असते. अर्ध्यात सोडून चालत नाही."

"हा कुठला नियम?"

"आमचा."

नंतर काका जरा घुटमळले. बोटाने काचेचं टेबल पुसत म्हणाले, "आणि समजा... मालकाच्या बाबतीत काही बदल..."

"मी मेले तर, असं विचारा की सरळ," काकी म्हणाल्या. "पोरगी लाजतेय बघा."

प्रियांकाने खाली मान घालून सांगितलं, "गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की वॉरंटी पण ट्रान्सफर होते. पण मुदतीत कळवावं लागतं. नाही कळवलं तर वॉरंटी जाते."

"कळवणार," काका म्हणाले. "मी कधी मुदत चुकवली नाही."

गाडी खाली आली त्या संध्याकाळी आख्खी सोसायटी जमली. चाकाखाली लिंबं, बॉनेटवर हळदकुंकू, आणि काकी हार घेऊन खुर्चीवर. आम्हा कोकणातल्या माणसांना नारळ फोडण्याआधी गाऱ्हाणं लागतं. एकाने देवाला साकडं घालायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला होकार भरायचा. आमच्याकडे गाऱ्हाणं घालण्याचा मान काकांचा. नारळ हातात घेऊन ते सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा! आज शैलाच्या नावान ही नवी गाडी दारात इली आसा. तिची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"इंजिन, गिअरबॉक्स कंपनी बघतली, तेचो तुका तरास नाय. पण टायर, वायपर, बॅटरी, क्लच प्लेट, हेंच्यावर कंपनीन हात वर केल्यान. तां सगळां तुझ्या पदरात घालतंय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"खंयच्या उंदरान वायरीक तोंड लायल्यान, तर तेका शेजारची गाडी दाखय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेजारच्या पार्किंगवाल्या नाईकांनीसुद्धा जोरात होकार भरला आणि मग ते विचारात पडले. हसून हसून आमची पुरेवाट झाली.

"आणि म्हाराजा," काका म्हणाले, "जी मुदत माका खंयच लिवन मिळाक नाय..."

पुढे शब्दच येईनात. नारळ दोन्ही हातांत घट्ट धरलेला. आम्ही सगळे तोंड उघडून थांबलेलो. वाक्य पुरं झाल्याशिवाय होकार कसा भरायचा? एवढ्यात खुर्चीवरून काकींचा बारीक, खणखणीत आवाज आला.

"व्हय म्हाराजा! फोडा आता तो नारळ. किती वेळ हार धरू?"

काय मागितलं ते कोणी विचारलं नाही.

गाडीतलं प्लास्टिक राहणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. मागची सीट, काकांची सीट, अगदी डोक्यावरचे सन-व्हायझरसुद्धा प्लास्टिकमध्ये. पण डायलिसिसच्या पहिल्या फेरीला काकी बसल्या, पाठीला घाम आला, त्या नुसत्या जरा चुळबुळल्या. काकांनी गाडी परळच्या पुलाआधी बाजूला घेतली आणि त्यांच्या सीटवरचं प्लास्टिक दोन्ही हातांनी फाडून काढलं. काकी मला सांगत होत्या, "चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्यासाठी केलेली ही सर्वांत मोठी गोष्ट, सुध्या."

गाडीची पहिली सर्व्हिस झाली. दुसरीच्या आत काकी गेल्या.

त्या वेळी तिरडीचं सामान मी एकटा आणायला गेलो. काका आलेच नाहीत. दुकानदाराने मला ओळखलं, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "ते लेखी मागणारे काका नाही आले?" मी सांगितलं. त्याने दोन बांबू आत ठेवले आणि दुसरे दोन स्वतः आपटून बघून मला दिले.

गाडी काकींच्याच नावावर राहिली. मी एकदा म्हटलं, "काका, ट्रान्सफरचं बघायला हवं. मुदत जाईल."

"बघू."

पुन्हा म्हटलं. "बघू" म्हणाले. दाखला तयार होता, कागद तयार होते, मी बरोबर यायला तयार होतो. ज्या माणसाने तिरडीच्या बांबूची मुदत सोडली नाही, तो रोज पेपर वाचत बसला आणि मुदत त्याच्या समोरून निघून गेली.

मागच्या आठवड्यात मला खाली भेटले. म्हणाले, "चल, एक चक्कर मारून येऊ. उभी राहिली की बॅटरी उतरते, आणि बॅटरी बसत नाही." मी सवयीने पुढचं दार उघडायला गेलो. "मागे बस रे," ते म्हणाले. मी मागे प्लास्टिकवर बसलो. एसीचा झोत डाव्या रिकाम्या सीटवरून वळवून ठेवलेला होता. काकींना गार वारा थेट सोसायचा नाही.

दादर टीटीला फोन वाजला. काकांना अजून गाडी चालवताना फोन उचलणं जमत नाही, म्हणून तो गाडीच्या स्पीकरला जोडलाय, सगळ्या गाडीत ऐकू येतो.

"नमस्कार, शैला गावडे मॅडमशी बोलायचं होतं. गाडीची सर्व्हिस ड्यू आहे."

"झोपलीय ती," काका म्हणाले. "मला सांगा."

"सर, नाव-पत्ता एकदा कन्फर्म करायचाय. मालकीत काही बदल?"

सिग्नल लाल होता. काकांनी डावीकडे पाहिलं, मग समोर.

"काही बदल नाही."

पुढे माटुंगा गेलं, शीव आलं. हॉस्पिटलच्या फाटकाशी काकांनी गाडी थांबवली, उतरले, पुढून वळसा घालून आले आणि डावं दार उघडलं. एक हात दारावर, दुसरा छताच्या कडेला, उतरणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून धरतात तसा. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग दार अलगद लावलं आणि येऊन आपल्या जागी बसले.

"बिजागर जरा आवाज करतंय," ते म्हणाले.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. "दाखवून घ्या काका," मी म्हणालो. "बिजागर वॉरंटीत बसतं."

"बसतं," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.