सुंद्री ससेबाईंची चार यंत्रं

एका जंगलात, बाळांनो, माणूस एकही नव्हता. पण मोबाईल मात्र घरोघरी होते.

तिथे सुंद्री नावाची ससेबाई राहायची. तिला टिकली नावाचं एकच पिल्लू. पिल्लू एवढंसं आणि आईची काळजी एवढी मोठी! टिकली शिंकली तरी सुंद्रीचे कान ताठ व्हायचे.

जंगलात एक लांडगा होता. पूर्वी तो आला की वानर झाडावरून ओरडायचं आणि सगळे पळायचे. एवढं सोपं काम कुणाच्या डोळ्यांत खुपलं कोण जाणे! जंगल कचेरीने ‘पळा पळा’ नावाचं ॲप काढलं. लांडगा जवळ आला की घंटा वाजणार. वानराला झाडावरून उतरवून खुर्चीत बसवलं.

अट एकच. घरातल्या सगळ्या यंत्रांवर ॲप सारखंच नवं हवं. एक जरी जुनं राहिलं, तर एकावरही घंटा वाजणार नाही.

सुंद्रीच्या बिळात चार यंत्रं. कॉम्प्युटर, तिचा मोबाईल, सासूबाईंचा मोबाईल आणि टिकलीचा टॅब. कॉम्प्युटर अपडेट होईतो मोबाईल जुना व्हायचा. मोबाईल झाला की टॅब रुसायचा. सासूबाईंच्या मोबाईलमध्ये तर जागाच नसायची. सगळी ‘शुभ सकाळ’ची फुलं.

“सासूबाई, थोडी फुलं पुसू का?”

“पूस की. माझ्या माहेरून आलेली आहेत, पण पूस.”

सुंद्री रडकुंडीला येऊन कचेरीत गेली. “वानरसाहेब, चारही एकदम कधी होणार हो?”

“करत राहा बाई. यंदा घंटेचा रंग बदललाय, बघितलात का?”

एका सकाळी तीन यंत्रं झाली. राहिला टॅब. रेंज फक्त बाहेरच्या उघड्या टेकाडावर यायची. सुंद्रीने टॅब दगडावर ठेवला, टिकलीला राखणीला बसवलं आणि ती चार काड्या गवत आणायला गेली. टॅबवर लिहिलं होतं, ‘अपडेट चालू आहे. हलवू नये.’

सुंद्री परतली, तर टिकलीच्या मागे लांडगा! घंटा कसली वाजतेय?

“टिकले, पळ!”

“हलायचं नाही असं लिहिलंय, आई. बहात्तर टक्के झालेत.”

सुंद्रीने उडी मारली ती थेट दोघांच्या मधे. लांडग्याने जबडा उघडला. मग मिटला. तो आपल्या मोबाईलकडे बघत होता.

“थांबा हं, वहिनी. आमचं ‘शिकार शिकार’ उघडत नाहीये. आधी अपडेट करा म्हणतंय. नोंद झाली नाही तर कचेरी शिकार धरत नाही हो.”

 सुंद्रीला हे दुखणं ओळखीचं होतं.

“घरी यंत्रं किती आहेत, भाऊजी?”

“कॉम्प्युटर, दोन मोबाईल, पोरांचा टॅब. शिवाय मंडळींचं घड्याळ.”

“अगंबाई! मग या एकट्यावर करून काय उपयोग? आधी घरचा कॉम्प्युटर करा. मग मोबाईल, मग टॅब. घड्याळ शेवटी. मधेच कुठलं जुनं झालं, तर परत पहिल्यापासून.”

“असं होय! आम्हाला कुणी नीट समजावूनच सांगत नाही.”

“पाचही सारखी झाली की या.”

“येतो, वहिनी. उपकार झाले.” आणि लांडगा शेपूट हलवत घरी गेला.

सुंद्रीने टिकलीला आधी एक धपाटा घातला, मग छातीशी धरलं. तेवढ्यात टॅबचे शंभर टक्के झाले आणि चारही यंत्रं एकदम कोकलली, “लांडगा आलाय! पळा, पळा!”

कचेरीने दवंडी पिटली की ॲपमुळे पहिला जीव वाचला. वानरसाहेब स्वतः बिळाशी आले. “बाई, ॲपला पाच तारे द्या.”

सुंद्रीने मनापासून पाच तारे दिले. ‘शिकार शिकार’ला.

लांडगा अजून आलेला नाही. चार यंत्रं झालीत म्हणे, घड्याळ अडलंय.

तात्पर्य : घरातली सगळी यंत्रं वेळच्या वेळी अपडेट करावीत. आपल्याकडून एखादं राहिलं तरी निभावतं. लांडग्याने मात्र मुळीच आळस करू नये.