आत्ताच कोण उठून गेलं?

आजोबांनी आयुष्यात एकदाच फुशारकी मारली, आणि तीही तोंडात घास असताना!

एरवी ते फुशारकीच्या वाटेला जाणारे नव्हेत. पेन विकत घ्यायला गेले तरी "तुम्हाला त्रास होणार नसेल तर..." इथून सुरुवात करायचे, आणि वाक्य संपेपर्यंत दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असायचा. सगळी हयात त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवली. दुसऱ्यांच्या पुस्तकांतले काने-मात्रे टिपून टिपून मान वाकडी झाली, पण स्वतःची एक ओळ लिहायची छाती झाली नाही. अशा माणसाला वाचनालयाच्या बाईंनी गळ घातली, की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना लिहायला शिकवा, मनातलं कागदावर कसं आणायचं ते सांगा. "मला कुठलं येतंय?" हे कसं म्हणावं याची आजोबा मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते, तोवर बाईंनी दारावर सूचना चिकटवलीसुद्धा!

पण पहिला वर्ग भरण्याआधीच वाचनालयाचं छत गळायला लागलं आणि वर्ग उघड्यावर आला. जावयाचं फर्निचरचं मोठं दुकान होतं, त्याचा वरचा मजला रिकामा होता. लेकीने नवऱ्यामागे भुणभुण लावली आणि वर्ग तिथे भरू लागला. सगळं सुरळीत चाललं होतं, इतक्यात वर्षाचा मोठा सेल तोंडावर आला.

"बाबा, वाईट वाटून घेऊ नका," जावई जेवताना म्हणाले, "पण वरची जागा आता मला गाद्या ठेवायला लागणार."

ताटाशेजारी पालथा ठेवलेला त्यांचा फोन थरथरला. त्यांनी तो उचलला, "हां, बोला बोला!" म्हणत खोलीभर फिरले, गाद्यांच्या जाडीवर कुणाशी तरी वाद घातला आणि परत येऊन बसले.

"आणि तसंही, ती मुलं तिथे करतात काय? खुर्च्यांकडे बघत बसतात! मी परवा पाहिलं."

नातू स्वतःच त्या वर्गात होता. तो ताटात बघत राहिला. आणि का कोण जाणे, आजोबांच्या अंगात वारं शिरलं!

"ती मुलं असं लिहितात, जावईबापू, असं लिहितात, की तुमच्या दुकानात आलेला माणूस दोन ओळी वाचेल आणि जागचा हलणार नाही!"

लेकीच्या हातातला चमचा वरच्या वर राहिला. आजोबांना वाटलं, हे आपण नाही, शेजारी कुणीतरी बोललं.

"हलणार नाही?" जावयाचे डोळे चमकले. "मग हेच करा ना! प्रत्येक वस्तूवर कार्ड लावायचंय मला. 'मजबूत, टिकाऊ, आकर्षक' लिहून मी विटलोय. तुमची मुलं जरा भावना ओतू देत त्यात. लोक थांबले, तर जागा तुमची. नाही थांबले, तर गाद्यांची!"

घास घशाखाली उतरला, फुशारकी मात्र अडकली.

कारण खरं सांगायचं तर या मुलांना आपण काही शिकवलंय, याची आजोबांना मुळीच खात्री नव्हती. पहिल्या दिवशी तर ते खडू थर्मामीटरसारखा धरून नुसते उभे राहिले होते. समोर खुर्ची होती, पण ती जरा जास्तच ऐटदार वाटली, म्हणून भिंतीलगतचं एक साधं लाकडी स्टूल ओढून त्यावर टेकले. "एखादा वाईट प्रसंग लिहा," असं त्यांनी कसंबसं सांगितलं. फुटबॉल खेळणारा, दाराच्या चौकटीला डोकं लागेल इतका उंच मुलगा सगळ्यात आधी उठला. त्याला सगळे कप्तान म्हणत. कप्तानने खणखणीत आवाजात वाचलं, "मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की काय सांगू!"

"बरं. पुढे?"

"पुढे सांगितलंच नाही ना, सर!"

"सर," नातवाने हात वर केला. घरी आजोबा, इथे सर, हा हिशेब तो काटेकोर पाळायचा. त्याला वर्गात प्रश्नचिन्ह म्हणत. "'वाईट वाटलं' असं लिहायचं नाही, तर मग दुसरं लिहायचं काय?"

आणि आजोबांच्या तोंडून निघून गेलं, "भावना ही मांजर आहे. नाव घेऊन बोलावली की पलंगाखाली जाते. आपण गुपचूप ताटली ठेवावी आणि दुसरीकडे बघावं."

मुलं टकामका बघायला लागली. आजोबाही आपल्याच वाक्याकडे टकामका बघायला लागले. मग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "ही समोरची खुर्ची बघा. हिच्यावरून आत्ताच कोण उठून गेलं? तेवढंच लिहा. त्याला काय वाटत होतं, ते अजिबात लिहू नका."

झालं. वर्गात तेवढं एकच चालायचं. एकेक वस्तू निवडायची, आत्ताच कोण उठून गेलं ते लिहायचं. मुलं मान खाली घालून लिहीत, आणि आजोबा स्टुलावर बसून स्वतःला बजावत, की ही गुणी मुलं आपला मान राखतायत, बाकी काही नाही. कोपऱ्यात एक मुलगी बसायची. ती कधीच तोंड उघडत नसे, म्हणून बाकीच्यांनी तिचं नाव ठेवलं होतं रेडिओ!

तर कार्डं आली. आजोबांनी ती लाल पेन्सिल घेऊन तपासली, आणि नेमका इथेच घोटाळा झाला. प्रुफं तपासणाऱ्या माणसाला एक सवय लावून घ्यावी लागते. मजकुरात शिरायचं नाही! कथेत रमलं की चूक निसटते. आजोबांनी रडकथा, रहस्यकथा, आरोग्यावरचे ग्रंथ, सगळं असंच वाचलं होतं, म्हणजे काहीच वाचलं नव्हतं. कार्डंही त्यांनी अक्षर अक्षर सोलून पाहिली. इथे वेलांटी दुरुस्त केली, तिथे एक स्वल्पविराम घातला, आणि जावयाला सांगितलं, "निर्धास्त छापा. एकही चूक नाही!"

सेलच्या दिवशी सकाळी आजोबा दुकानाकडे फिरकलेच नाहीत. दुपारपर्यंत त्यांनी घरीच वर्तमानपत्रातले शुद्धलेखनाचे दोष काढले. शेवटी राहवेना, म्हणून निघाले.

दुकानाबाहेर 'महासेल' असा फलक होता. आत माणसांची ही गर्दी! पण आवाज नाही. गोंगाट नाही, भाव करणं नाही, "यात दुसरा रंग आहे का?" नाही. परीक्षेच्या पहिल्या अर्ध्या तासात वर्गात असते तशी शांतता! लोक एकेका वस्तूपुढे रांगेत उभे होते, वाचत होते, आणि पुढे सरकायचं नाव घेत नव्हते.

"आजोबा," विक्रेता त्यांच्या अंगावर जवळजवळ कोसळलाच. त्याचे डोळे लालभडक होते. "काय केलंत हे? मी सकाळपासून आईला तीनदा फोन केला! ती म्हणते, तुझी नोकरी गेली का?"

आजोबांनी घाबरत घाबरत पहिल्या कार्डाकडे पाहिलं. पेन्सिल खिशातच होती. पण या वेळी, उभ्या जन्मात पहिल्यांदा, त्यांनी अक्षरं सोडून मजकूर वाचला.

तीन आसनी सोफा. "आम्ही तिघं होतो. आता आई या टोकाला बसते, मी त्या टोकाला. मधल्या जागेवर आम्ही इस्त्रीचे कपडे ठेवतो. घड्या मोडल्या तरी चालतात, पण जागा मोकळी दिसत नाही."

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. काचा स्वच्छच होत्या.

मोठा पलंग. "याची एकच बाजू चुरगळते. दुसरी बाजू रात्रभर जशीच्या तशी राहते. तरी आत्या तीही बाजू रोज सकाळी झटकते."

आरशाचं कपाट. हे कप्तानचं होतं. "आत बसून दार लावलं, की बाहेरचं भांडण ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत. एवढ्यासाठी मला कपाट आवडायचं. आता मी फार उंच झालोय. मावत नाही."

काय सांगू म्हणणारा तो हाच मुलगा! आजोबा कपाटापुढे उभे राहिले, आणि आरशात त्यांना आ वासलेला एक म्हातारा दिसला. डोंगरापुढे, समुद्रापुढे माणूस असा उभा राहतो हे त्यांनी पुस्तकांतून शंभरदा तपासलं होतं. आपण एका कपाटापुढे तसे उभे राहू, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं! एवढंसं पोरगं, आणि एवढं मोठं घर मनात घेऊन फिरतंय; आणि आपण त्याला वेलांटी दाखवत होतो!

"बाबा!!"

जावई सोफ्यांमधून वाट काढत येत होते.

"बघा! बघा तुमची कमाल! लोक थांबलेत! हलतच नाहीत! सकाळपासून माझा एक पाटसुद्धा हललेला नाही! त्या पलंगाजवळ एक जोडपं आलं होतं, दोन वेगवेगळे पलंग हवेत म्हणून. दोन पलंग, बाबा! ते कार्ड वाचलं, एकमेकांकडे बघितलं, हातात हात घातले आणि गेले की घरी! जुन्या पलंगावर!"

"मी... मी चुका तपासल्या होत्या हो," आजोबा पुटपुटले.

"तुम्ही वाचलं नव्हतंत?"

"वाचलं नव्हतं. तपासलं होतं. तुम्ही?"

"मला वाचायला वेळ कुठाय?" जावयाने वैतागून शेजारच्या जेवणाच्या टेबलावर हात आपटला. हाताखाली कार्ड होतं. ते काढून फेकायला म्हणून त्यांनी उचललं, आणि नजर पडलीच.

आजोबांनी खांद्यावरून वाचलं. "बाबा फोन पालथा ठेवतात. तो थरथरला, की माझ्या पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठतात. फोन दुकानाचा असतो. घरचा कधीच नसतो, कारण घरचे सगळे इथेच बसलेले असतात. बाबा परत येईपर्यंत जेवण संपू नये, म्हणून मी पुन्हा वाढ म्हणतो. मला भूक नसते."

जावयाने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. आणि योगायोग असा, की नेमका तेव्हाच त्यांच्या खिशातला फोन थरथरला! जावयाचा हात सवयीने खिशाकडे गेला. तिथेच थांबला. मग त्यांनी फोन काढला, शेजारच्या कपाटाचा खण उघडला, फोन आत ठेवला आणि खण लावून टाकला. खण गुरगुरत राहिला.

"याला मोटर आहे का हो?" एका बाईंनी विचारलं.

जावयांना ऐकू आलं नाही. जिन्याच्या पायथ्याशी वर्गातली मुलं चोरासारखी उभी होती. त्यात प्रश्नचिन्हही होतं.

"काय रे," जावई म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता. "जेवलास?"

"नाही."

"आत्ता भूक आहे का?"

प्रश्नचिन्हाला आयुष्यात पहिल्यांदा उलटा प्रश्न सुचला नाही. "आहे," तो म्हणाला.

जाता जाता जावई वळले. "बाबा, शब्द म्हणजे शब्द. लोक थांबले. जागा तुमची. फक्त तेवढं पलंगावरचं कार्ड काढा! मी धंदा करतोय, संसार जोडायचं दुकान नाही काढलेलं!"

आजोबांना हसू आलं, पण ते हसू पुरतं येण्याआधीच त्यांना जिन्याखाली ते स्टूल दिसलं. वर्गातलं त्यांचं साधं लाकडी स्टूल! कुणीतरी खाली आणून ठेवलं होतं, आणि त्यावरही कार्ड होतं.

"वर्गात खुर्ची आहे, तरी ते यावर बसतात. जाताना स्टूल पुन्हा भिंतीला नेऊन लावतात, जणू, ते आलेच नव्हते. ते गेले की आम्ही स्टूल मधोमध ओढतो. घरी जाईपर्यंत त्यावर कोणी बसत नाही."

त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "विकायचं नाही."

हे कार्डही आजोबांच्या हाताखालून गेलं होतं. 'जणू'नंतरचा स्वल्पविराम त्यांचाच होता!

"हे... हे कोणी लिहिलं?"

"मी," रेडिओ म्हणाली.

कप्तान दचकून कठड्यावर आदळला. तिला आवाज आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आजोबांना पुष्कळ बोलायचं होतं. हयातभर हाताखालून गेलेली असली-नसली सगळी वाक्यं घशात गर्दी करून उभी राहिली. त्यांतून धक्काबुक्की करत एकच कसंबसं बाहेर पडलं.

"तो स्वल्पविराम मी उगाच घातला."

"असू दे, सर," रेडिओ म्हणाली.

पुढच्या वर्गाला स्टूल आधीच मधोमध होतं. आजोबा बसले. वर्ग संपल्यावर उठले आणि सवयीने स्टुलाला हात घातला. सगळी मुलं बघत होती. आजोबांनी हात काढून घेतला, स्टूल तिथेच सोडलं आणि ताठ मानेने, म्हणजे वाकडी मान शक्य तेवढी ताठ करून, जिना उतरले.

अर्ध्या जिन्यात लक्षात आलं, की चष्मा वर राहिला. ते परत फिरले. खोटं कशाला, चष्मा हे निमित्त होतं. ते स्टूल अजून मधोमध आहे का, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

दारातून त्यांनी हळूच डोकावलं. स्टूल होतं. अगदी मधोमध! आणि त्यावर कप्तान बसला होता, नाकाच्या टोकावर आजोबांचा चष्मा, मान वाकडी, हातात थर्मामीटरसारखा धरलेला खडू. "मुलांनो," तो थरथरत्या आवाजात म्हणत होता, "तुम्हाला त्रास होणार नसेल तर... भावना ही मांजर आहे!"

हसून हसून मुलांची मुरकुंडी वळली होती. रेडिओ तर सगळ्यांत मोठ्याने हसत होती.

आजोबा चष्मा न घेताच, कठडा चाचपत, अगदी पाय न वाजवता खाली उतरले.