दहा बोटांची अट

कोणतीही संस्था नियमांवर उभी असते, आणि ते नियम कोणीतरी टाइप केलेले असतात.

सुरतच्या साडी मार्केटातल्या आमच्या ऑफिसचा नियम असा : टायपिस्टने दहाही बोटांनी, कीबोर्डकडे न पाहता टाइप करावे. नियम उत्तम आहे. (तो पाळणारा इसम एकच होता, नवागामच्या खानदेशी वस्तीतला हिलाल. मॅनेजर भूपेंद्रभाई एका बोटाने टाइप करतात, पण ते मॅनेजर आहेत.)

श्रावणात खानदेशी कानबाई देवीच्या विसर्जनाला टेम्पोचा फाळका हिलालच्या डाव्या हातावर पडला. करंगळी आणि शेजारचं बोट कायमची ताठ झाली. इजा धार्मिक स्वरूपाची असल्याने ऑफिसने सहानुभूती व्यक्त केली आणि दीड महिन्याने चाचणी ठेवली. नापास झाल्यास नोकरी संपेल, असंही प्रेमाने कळवलं.

हिलाल रडकुंडीला आला. त्याची बायको रंजना म्हणाली, "आठ बोटं शेतस ना आजून? मंग कसाले रडी ऱ्हायना?"

तिने पोळपाटावर खडूने कीबोर्ड काढून दिला. दोन्ही आजारी बोटांची बटणं मधल्या बोटाकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवण्यात आली. मधल्या बोटाने दोन आठवडे कुरकुर केली, चुका केल्या, मग ते रुळलं. (पोळपाट अडकल्यामुळे या काळात घरात फक्त भाकरी झाली.)

चाचणीत हिलालने मिनिटाला बेचाळीस शब्द टाइप केले. चूक एकही नाही. अपघातापूर्वीचा वेग चाळीस होता. समितीत भूपेंद्रभाई आणि मी होतो. आम्ही शब्द न मोजता बोटं मोजली, कारण नियमात शब्दांचा उल्लेख नाही.

"स्पीड बराबर छे, हिलालभाई," भूपेंद्रभाई हळहळून म्हणाले, "पण नियममां दस आंगळी लखी छे."

नोकरी संपल्याचं पत्र भूपेंद्रभाई स्वतः टाइप करायला बसले. अर्ध्या तासात तारीख झाली आणि हिलालचं अर्धं नाव झालं. (तारीख चुकली होती.) शेवटी त्यांनी हिलाललाच खुर्चीवर बसवलं. त्याने आपलं पत्र चार मिनिटांत, मान वर ठेवून, आठ बोटांनी पूर्ण केलं. आम्ही ते तपासलं, निर्दोष असल्याचा शेरा मारला आणि सह्या केल्या. मला शरम वाटली. सही मात्र सुबक आली.

आता तुम्हाला आमचा राग येईल. हे तुम्ही चार ग्रुपांवर पाठवाल आणि खाली दोन कडक शब्द लिहाल. अवश्य लिहा, मान खाली घालून, एका अंगठ्याने. तुमची बोटं कोणी मोजत नाही.