नवगावकरांचे दहा

माणसं जेवून उठली की आपण साधारणपणे ताटात काय उरलं ते बघतो. सॉलोमन नवगावकर खुर्ची बघत. उठताना खुर्ची टेबलाखाली सारली की नाही, एवढंच. ब्रिस्टलच्या ज्या इंजिनीअरिंग कॉलेजात ते शिकवत, तिथल्या कँटीनमध्ये ऑक्टोबर लागला की ते कोपऱ्यातलं टेबल धरून बसत आणि दुसऱ्या वर्षाची मुलं जेवून कशी उठतात ते न्याहाळत. समोरचा चहा गार होऊन जाई. मी त्याच कॉलेजच्या लायब्ररीत कामाला होते, त्यामुळे हे दृश्य मला रोज दुपारी बघावं लागे.

"मार्क काय वहिनी, कुणालाही पडतात," ते म्हणत. "खुर्ची आत कोण सारतं ते बघा."

माझ्या नवऱ्याने, माधवने, याची इतकी धास्ती घेतली होती की नवगावकर आमच्याकडे जेवायला असले की तो नुसतं मीठ आणायला उठला तरी खुर्ची आत सारून जाई. माधव हॉस्पिटलात सर्जन. ऑपरेशन टेबलापाशी मेट्रनला न घाबरणारा माणूस, पण नवगावकरांसमोर त्याचं शाळकरी पोर होई.

हा सगळा खटाटोप सीनिअर ऑनर सोसायटीसाठी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एक अमेरिकन प्रोफेसर वर्षभरासाठी कॉलेजात येऊन गेले. त्यांच्याकडे म्हणे अभ्यासात आणि वागणुकीत चांगली अशी शेवटच्या वर्षाची निवडक मुलं एका सोसायटीत असतात. कॉलेज सोडून जाण्याआधी ती आपल्या मागच्या वर्गातली मुलं निवडून त्यांच्या हाती सोसायटी सोपवतात, आणि असं वर्षानुवर्षं चालतं. प्रोफेसर परत गेले, कल्पना नवगावकरांच्या डोक्यात राहिली. पुढच्याच टर्मला त्यांनी 'ब्रिस्टल चॅप्टर' काढला. चॅप्टर म्हणजे शाखा, मग मुख्य संस्था कुठे आहे, असं मी विचारलं.

"नाहीये अजून. उद्या लेस्टरला एक चॅप्टर निघेल, मग होईल की."

लेस्टरला काही निघालं नाही. पण मूळ संस्था नसलेली ही शाखा सुखाने चालली.

नवगावकर बेने इस्राएल, अलिबागच्या बाजूचे. वडील गावात शाळामास्तर होते. स्वतः चाळिशी उलटलेले, अविवाहित, आमच्याच रस्त्याच्या टोकाला एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत. ब्रिस्टलमध्ये त्या वेळी मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे रविवारी ते आमटीला आमच्याकडे असत. मला वहिनी म्हणत, मी त्यांना भाऊजी म्हणे, आणि आमटीत चिंच जास्त झाली की आमचं भांडण होई.

त्यांचं वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. आधी बघण्याचा कार्यक्रम. लायब्ररीच्या काउंटरवर वाकून हळूच विचारत, "तो लाल केसांचा पुस्तकं वेळेवर परत करतो का हो? आणि ती चष्मेवाली? पानांचे कोपरे दुमडत नाही ना?" मुलासाठी स्थळ बघणाऱ्या आत्याबाईंनी शेजारणीकडे चौकशी करावी, अगदी तसं. ख्रिसमसनंतर निवडणूक. जुने सभासद दार लावून मतं देत आणि नवगावकर बाहेर येरझाऱ्या घालत, कारण त्यांनीच केलेल्या नियमाप्रमाणे त्यांना आत जायला बंदी होती. फेब्रुवारीत टॅपिंग, मार्चमध्ये शपथ, जूनमध्ये निरोप. आमच्या मुलीच्या बारशाचा दिवस ठरत होता, तेव्हा ते अगदी गंभीरपणे म्हणाले होते, "टॅपिंगच्या वीकला नको हं वहिनी. मी येऊ नाही शकणार." आम्ही बारसं पुढे ढकललं.

टॅपिंग म्हणजे असं. तास चालू असताना जुने सभासद काळे गाऊन घालून एकामागून एक वर्गात शिरायचे आणि आपापल्या निवडलेल्या मुलामागे उभं राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. एक शब्द बोलायचा नाही. अमेरिकेत म्हणे यावर टाळ्या पडतात. ब्रिस्टलला सुरुवातीच्या एका वर्षी खांद्यावर हात पडताच एक पोरगा पांढराफटक पडून उठला आणि म्हणाला, "ती सायकल मी नव्हती नेली." त्याला सोसायटीत घेतलंच. सायकलचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

आणखी एका वर्षी त्याहून मोठा घोटाळा झाला. हात ठेवणाऱ्या मुलीने तोऱ्यात चष्मा काढून ठेवला होता. तिने मार्टिनऐवजी त्याच्या शेजारच्या कॉलिनच्या खांद्यावर हात ठेवला. मार्टिन वर्गात पहिला, कॉलिन दर परीक्षेत जेमतेम तरणारा. बरं, कॉलिनने इतक्या आनंदाने मागे वळून तिचा हात हातात घेतला की चूक झाली हे सांगायची तिची छातीच होईना. प्रिन्सिपॉलनी नवगावकरांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, सोपं आहे, दोघांनाही घ्या, अकरा होतील.

"हात पडला म्हणजे पडला," नवगावकर म्हणाले, "आणि दहा म्हणजे दहा."

मार्टिन बाहेरच राहिला. त्याचे वडील भेटायला आले, विभागातले सहकारी रागावले, मीसुद्धा दोन रविवार आमटी मुद्दाम आंबट केली. नवगावकर हलले नाहीत. दहाच का, याचं उत्तर ते कुणालाच देत नसत. क्रिकेटची टीम अकराची असते हे प्रिन्सिपॉलनी त्यांना समजावून पाहिलं, तर म्हणाले, "माझी क्रिकेटची नाहीये."

शपथ कॉलेजच्या हॉलमध्ये व्हायची, मेणबत्त्या वगैरे लावून. पण नवगावकरांच्या दृष्टीने खरा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी. तिथे फक्त नवे दहा आणि मदतीला मी. त्या दिवशी ते मलिदा करत. बेने इस्राएल लोकांत शुभकार्याला, नवस फेडायला मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, शेजारी पाच फळं, आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताची प्रार्थना. पोह्यांसाठी ते एक सुट्टी खर्चून लंडनला, तिथल्या हिंदुस्थानी दुकानांत जात. ब्रिस्टलला नारळ मिळेपर्यंत गावभर हिंडत. जमिनीवर चादर अंथरून मधोमध ताट, भोवती मांडी घालता न येणारी दहा इंग्रज पोरं, आणि नवगावकर डोक्यावर टोपी घालून हिब्रूत प्रार्थना म्हणतायत. एकदा एका मुलाने वाटी हातात आल्यावर अदबीने विचारलं, याच्यावर घालायला दूध मिळेल का? मी तोंडाला पदर लावला. नवगावकर उठले आणि दूध घेऊन आले.

"चालतं का हो?" मी नंतर विचारलं.

"आता आपला झालाय वहिनी. मागू दे काय मागायचं ते."

जूनमध्ये कॉलेज सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला स्टेशनवर पोचवायला जात, हातात चिवड्याचा पुडा. मग जुलै ते सप्टेंबर हा माणूस असह्य होई. रोज संध्याकाळी आमच्याकडे. भाताला चव नाही, माधवच्या पॅन्टची इस्त्री बरोबर नाही, पोरीची झोपायची पद्धत चुकीची. ऑक्टोबर कधी येतो असं मला होऊन जाई.

सत्तरचं दशक लागलं आणि पोरांचे केस वाढले. केसांबद्दल माझी तक्रार नाही. पण निवडक मुलांची सोसायटी हा शब्दच त्यांना शिवीसारखा वाटू लागला. एका फेब्रुवारीत टॅपिंगला दहा खांद्यांवर हात पडले आणि त्यातल्या सहांनी तो हळूच बाजूला केला. कुणी उद्धटपणा केला नाही. एकजण नवगावकरांना नंतर येऊन म्हणाला, "सर, आमचं तुमच्याशी काही नाही, पण चांगली मुलं कोण हे कुणी ठरवायचं?" त्या पोराने कँटीनमधली खुर्ची मात्र नेहमी आत सारलेली असे, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

उरले चार. हॉलमधली शपथ कशीबशी उरकली. त्याच संध्याकाळी नवगावकर आमच्या दारात उभे, एका हातात पोह्यांची पिशवी, दुसऱ्या हातात नारळ.

"घ्या वहिनी. कांदेपोहे करा."

"आणि उद्याचा मलिदा?"

"चौघांत? पत्ते खेळायचेत का? कॅन्सल केलाय. चॅप्टरही बंद. पुढच्या वर्षी सिलेक्शन नाही."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं ज्याच्यापायी आमची बारशी पुढे ढकलली, ते हा माणूस एका दिवसात मोडीत काढत होता. मी म्हटलं, "भाऊजी, दहा दहा काय लावलंय? कुणी नेमून दिलेत तुम्हाला दहा?"

ते स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. नारळ मांडीवरच होता.

"मलिद्याच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात वहिनी. बाबा त्याबाबतीत फार कडक. गावात आमची घरं पाच-सहा, चुलते, भाऊ सगळे धरून दहा भरायचे. मग एकेक घर इस्राएलला जायला लागलं. तरी ओढूनताणून दहा व्हायचे. मग मला इथे जॉब मिळाला." त्यांनी नारळ दुसऱ्या मांडीवर घेतला. "त्या वर्षी नऊ झाले. बाबांनी ताट मांडलं, खोबरं खवलं आणि वाट बघत बसले. शेजारच्या गावात माणूस पाठवला, तिथेही कुणी उरलं नव्हतं. संध्याकाळी ताट तसंच उचललं. प्रार्थना नाहीच झाली. पुढच्या वर्षी सगळेच इस्राएलला गेले, बाबा तिकडेच वारले. दहावा मी होतो वहिनी. मी इथे थर्मोडायनॅमिक्स शिकवत होतो."

माधव दारात येऊन उभा होता, त्याने रेडिओ बंद केला.

"ही पोरं धर्माने कुठली, त्यात मुली, हे मला कळत नाही का?" नवगावकर म्हणाले. "देवाच्या हिशेबात यातलं काही धरत नाहीत. पण ताटाभोवती दहा डोकी दिसली, की बरं वाटायचं."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "म्हणून आलेल्या चौघांना दारातून परत पाठवणार तुम्ही?" ते उठले. नारळ ओट्यावर ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चौघांतली सुझन लायब्ररीत आली. तिचा चेहरा उतरला होता. "सरांनी आमचं बोलावणं रद्द केलं. आम्ही काही चुकलो का?" मी तिला म्हटलं, चार वाजता बाकीच्या तिघांना घेऊन माझ्या घरी ये.

चार वाजता आमची वरात निघाली. पुढे सुझन आणि ती तीन पोरं, मागे पोह्यांची पिशवी घेऊन मी, आणि नारळ सांभाळत माधव. नवगावकरांनी दार उघडलं. अंगात जुना स्वेटर, पायात चपला. त्यांची नजर आमच्या एकेकावरून फिरली. ते मोजत होते हे मला स्पष्ट दिसलं, आणि त्यांना धरून आम्ही सातच भरत होतो.

"सर, आम्ही आलोय," सुझन म्हणाली. "आत येऊ की जाऊ?"

त्यांचा हात दाराच्या कडीवरच होता. मला वाटलं, आता हा माणूस दार लावणार. मग ते बाजूला झाले. आत जाऊन त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या, माधवच्या हातून नारळ घेतला आणि खवायला बसले. मी पोहे भिजवले. पोरांनी चादर अंथरली, सफरचंदं, संत्री, केळी, द्राक्षं आणि एक पेअर मांडला. नवगावकरांनी टोपी घातली आणि प्रार्थना म्हटली, नेहमीपेक्षा हळू. चौघं पोरं मान खाली घालून बसली होती.

मग त्यांनी वाट्या भरल्या. आधी पोरांना, मग माधवला, शेवटी मला. वाटी माझ्या हातात देताना ते मराठीत म्हणाले, "बाबांनी त्या वर्षी नऊजणांतच करायला हवा होता, वहिनी."

"हो," मी म्हटलं.

मग त्यांनी खोबरं सगळ्यांना पुरलं का, ते विचारलं. पुरलं होतं.