दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा

पुरण अर्धं शिजलं आणि गॅस संपला. शुभांगीबाईंनी आधी विझलेल्या शेगडीकडे पाहिलं, मग रिकाम्या सिलिंडरकडे आणि शेवटी नवऱ्याकडे. तिघांत फारसा फरक नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख लिहिलेलं होतं. आज दुपारी लेकीचं, हर्षालीचं डोहाळजेवण. तिच्या सासरची मंडळी विंचूरहून निघालीसुद्धा होती.

"कालच येणार होता ना सिलिंडर?"

 सिलिंडर का आला नसावा, याची प्रफुल्लरावांना पुसटशी कल्पना होती.

प्रफुल्लराव नाशिक रोडच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी नोटा छापण्यात गेली, पण वर्गणी म्हटलं की हात खिशाच्या वाटेतच अडखळायचा. गणपती झाला की नवरात्र, नवरात्र झालं की शिवजयंती. मंडळाची पोरं बेल वाजवायची आणि तोंडावर नाही म्हणायची यांच्यात धमक नव्हती. एकदा त्यांनी दाराआडून नुसतं भुंकून पाहिलं. पोरं अशी पळाली की एकाची चप्पल जिन्यातच राहिली. आजवर ऑफिसातला शिपाईसुद्धा त्यांना घाबरला नव्हता. तेव्हापासून बेल वाजली की ते आधी भुंकायचे आणि मग, वाटलंच तर, दार उघडायचे. पुढे पुढे भुंकण्याला गुरगुर जोडली गेली, दारावर नखं ओरबाडणंही आलं. बायको कपाळाला हात लावायची. त्यांना मात्र, खोटं कशाला बोला, या कलेचा अभिमानच होता.

कालही बेल वाजताच त्यांनी सगळा कार्यक्रम सादर केला होता. जिन्यावरून धाडधाड आवाज आला, तेव्हा ही पोरं इतकी जड कशी, असं मनात आलं खरं, पण पेपर वाचण्याच्या नादात ते विसरले.

एजन्सीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, चंदरभाऊ काल येऊन परत फिरले, तुमच्याकडे मोकळा कुत्रा आहे. मध्यंतरी त्यांनाच एक कुत्रा चावला, तेव्हापासून एजन्सीचा नियम झालाय, की घरच्यांनी कुत्रा धरून समोर उभं राहायचं, तरच आमचा माणूस जिना चढणार. प्रफुल्लरावांनी गयावया केल्यावर तिने चंदरला पुन्हा पाठवायचं कबूल केलं.

चंदर आला, पण सिलिंडर फाटकात टेकवून तिथेच उभा राहिला. प्रफुल्लराव धावत खाली गेले. घरात कुत्रा नाही, मांजर नाही, कुंडीत साधी तुळससुद्धा जगत नाही, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. चंदरने पँट वर सरकवली. पोटरीवर दातांचे व्रण होते.

"चावला त्या कुत्र्याचा मालक बी गॅलरीतून हसत होता, साहेब. इंजेक्शनं घेतली, मजुरी बुडाली. आता बेल दाबली की दोन पायऱ्या खाली उतरून उभा राहतो मी. बायको म्हणती, काम सोड. सोडून खायचं काय?"

प्रफुल्लरावांना मनापासून लाज वाटली. वर्गणी चुकवण्यासाठी केलेला आपला चावटपणा नेमका कोणाच्या जिवावर बेतला होता, हे त्यांना आत्ता कळलं. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी सिलिंडर स्वतःच वर न्यायचं ठरवलं आणि तो उचलायला गेले. सिलिंडर होता तिथेच राहिला. कंबर मात्र जागची हलली.

एवढ्यात तळमजल्यावरचे किशोरराव बाहेर आले. कुत्र्याचं नाव निघताच त्यांनी चंदरची बाजू घेतली. जनावर आहे, भयंकर आहे आणि दुपारची झोप लागू देत नाही, अशी त्यांनी शपथेवर साक्ष दिली. आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"तो कुत्रा मीच," प्रफुल्लराव हळूच म्हणाले.

"साहेब, मी इतकी वर्षं दारोदार फिरतोय. कुत्रा कोणता अन् माणूस कोणता, एवढं समजतं मला."

"अहो, खरंच मी भुंकतो."

"मग भुंकून दाखवा."

नेमकी तेव्हाच फाटकाशी गाडी थांबली. व्याही धोंडीराम फेटा सावरत उतरले, मागोमाग चार बायका उतरल्या. प्रफुल्लरावांनी वर पाहिलं. गॅलरीत शुभांगीबाई पळी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या नजरेत दयामाया नव्हती. पुरण की अब्रू, एवढाच प्रश्न होता. प्रफुल्लराव भुंकले.

चंदरने मान हलवली. "हा नव्हं. तो लय मोठा होता."

मग प्रफुल्लरावांनी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि व्याह्यांच्या देखत सगळं केलं. भुंकले, गुरगुरले, सिलिंडरवर नखंही ओरबाडली. डोळे उघडले तेव्हा चंदर फाटकाबाहेर रस्त्यावर उभा होता.

"हाच तो," किशोरराव म्हणाले.

चंदर जपून आत आला. सिलिंडर खांद्यावर घेतला, पण जिन्याच्या पायरीवर पाय ठेवेना. साहेब, तुम्ही खरं बोललात हे कबूल, पण नियम तो नियम, असं त्याचं म्हणणं पडलं.

शुभांगीबाई तरातरा खाली आल्या. त्यांनी नवऱ्याचं मनगट गच्च पकडलं आणि त्यांना भिंतीकडे ओढलं.

"जा रे भाऊ वर. मी धरलंय."

चंदर दुसऱ्या बाजूच्या कठड्याला अंग घासत वर गेला. त्याच्यामागून बायका गेल्या. शेवटी, पायजमा आवरत आणि प्रफुल्लरावांवरची नजर न काढता, व्याहीही तसेच कठड्याच्या बाजूने वर गेले.