पाहुण्यांचा पास आणि मुक्ताची हळद

हे मी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पालमच्या एसटी स्टँडवर बसची वाट बघता बघता मी ही हकीकत सांगायला घेतो, तेव्हा निम्मे लोक सुरुवातीलाच उठून चहाला जातात. जे बसतात त्यांची बस चुकते. आता बसायचं की उठायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

साल चौऱ्याऐंशी का पंच्याऐंशी. मीटरगेजवर वाफेचं इंजिन धापा टाकत होतं त्या काळची गोष्ट. चुडाव्याच्या स्टेशनाला लागूनच आबासाहेबांचं घर. एका दुपारी नांदेडकडे निघालेली गाडी क्रॉसिंगला थांबली आणि तिच्यातून एक गोरा माणूस उतरून थेट आबासाहेबांच्या कडुनिंबाखाली आडवा झाला. अंगात सणसणीत ताप. मागून त्याची बायको दोन पिशव्या ओढत आली. क्लाउस आणि गेर्डा, जर्मनीहून देश बघायला निघालेले. गेर्डा हे नाव ऐकून आबासाहेबांच्या कारभारणीला, कस्तुराबाईंना फार बरं वाटलं. त्यांच्या बहिणीचं नाव दगडाबाई. ही त्यांना आपल्याच घराण्यातली वाटली.

आबासाहेबांचा भाचा चंद्रभान पूर्णेच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. त्याचं आणि पाहुण्यांचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे बोलणं झकास जमलं. काढा पिऊन क्लाउसचा ताप उतरला. गेर्डा चुलीपुढे बसून भाकरी थापायला लागली. शुक्रवारी घरात मुक्ताची, म्हणजे आबासाहेबांच्या धाकट्या लेकीची हळद होती. कस्तुराबाईंनी हुरळून पोखर्णीला विहीणबाईंकडे निरोप धाडला, "आमच्या हळदीला विलायतेची सवाष्ण यायलीय." विहीणबाईंचा उलट निरोप आला, "येऊ द्या की. न्हाई दिसली तर मांडवातच बोलू." झालं! आता गेर्डा हळदीला हजर राहणं हा कस्तुराबाईंच्या इज्जतीचा सवाल झाला.

आणि नेमकं त्याच रात्री जेवताना चंद्रभान बोलून गेला, "मामा, यांच्याकडं रेल्वेचा पास हाय. परदेशी पाहुण्यांना देतेत. एकदाच पैसे भरायचे आन् पंधरा दिस कुठंबी, कितीबी फिरायचं."

"म्हंजे सस्तात पडत आसंल?"

"फिरलं तर पडतंय. बसून ऱ्हायलं तर बुडालं."

आबासाहेबांचा घास हातातच राहिला. "आन् हे तर माज्या बाजंवर बसून हायेत की रं!"

आबासाहेब असा माणूस, की पाहुण्याच्या ताटातली चटणी संपली तरी त्याला अपराध्यासारखं वाटायचं. आपल्या घरी येऊन पाहुण्याचं नुकसान व्हावं? दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी क्लाउसला घोंगडीत गुंडाळला आणि नवराबायकोला पूर्णेच्या पॅसेंजरमध्ये बसवलं. पूर्णेहून माघारी, मग नांदेड, नांदेडहून माघारी. पाहुण्यांना एकटं सोडणं बरं दिसत नाही, म्हणून तिकीट काढून आबासाहेब सोबत. आबासाहेबांना उपाशी ठेवता येत नाही, म्हणून पिठलं-भाकरी घेऊन हळदीसाठी आधीच आलेल्या मेहुणीबाई, दगडाबाई सोबत. आणि जागा धरायला दांडगा माणूस हवा, म्हणून शेजारचे व्यंकटराव.

संध्याकाळी आबासाहेबांनी विचारलं, "फिटला का रं पास?"

"कुठला फिटतोय, मामा! आपल्याकडचं तिकीटच लय सस्त हाय."

क्लाउस काकुळतीला येऊन काहीतरी बोलला.

"सायेब काय म्हणायलाय?"

"म्हणायलाय, मला हितंच बाजंवर बसायचंय."

"लाजायलाय," आबासाहेब म्हणाले. "पाहुणे आसंच म्हणतेत. उद्या लांब न्यावं लागतंय."

असं रोज आणखी लांब नेता नेता शुक्रवार उजाडला. मांडव सजला, हळद कालवून झाली, आणि आबासाहेब पाहुण्यांच्या पिशव्या उचलून दारात उभे. पासाचा तो शेवटचा दिवस होता.

"अवं, कुठं निघालाव त्यांना घिऊन?" कस्तुराबाई कडाडल्या. "हळद हाय आज!"

"पासबी आजच सरायलाय!"

"पोरगी मोठी का पास मोठा?"

"पोरगी आपली हाय गं. पास पाहुण्याचा हाय."

कस्तुराबाईंनी एका काखेत पाट मारला, दुसऱ्या हातात हळदीचं पातेलं घेतलं, लेकीला पुढे घातलं आणि स्टेशनचा रस्ता धरला. "मंग हळद गाडीत!" आख्ख्या आळीतल्या बाया गाणी म्हणत मागून निघाल्या. तेवढ्यात नवरदेवाची उष्टी हळद घेऊन पोखर्णीचा टेम्पो आला. विहीणबाई मोकळा मांडव बघून फुलल्या. "कुठंय ती विलायतेची सवाष्ण?"

व्यंकटरावांनी शिट्टी देणाऱ्या गाडीकडे बोट दाखवलं. विहीणबाई पदर खोचून धावल्या.

डब्यात दोन बाकांच्या मधे पाट मांडून मुक्ताला बसवलं. गेर्डानं आंब्याची पानं हळदीत बुडवली आणि पाय, गुडघे, खांदे, कपाळ अशी बरोबर खालून वर लावत गेली. शेवटचं बोट गालाला लागायला आणि गाडीनं गचका द्यायला एकच गाठ पडली. पातेलं उलटलं. व्यंकटराव पिवळे, क्लाउस पिवळा, तिकीट तपासायला आलेला काळ्या कोटातला साहेब तर हळकुंडच झाला. त्यानं डोळे पुसून पास बघितला, आबासाहेबांनी वऱ्हाडासाठी काढलेला तिकिटांचा गठ्ठा बघितला आणि दाराशी जाऊन कोट झटकत बसला.

विहीणबाई मात्र गेर्डाकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी कनवटीची कुंकवाची डबी काढून तिला बोटभर कुंकू लावलं. "इहीणबाई, बोलायला जागाच ठिवली न्हाई तुमी. आमच्याकडच्या बायांपरीस बेस हळद लावली हिनं." कस्तुराबाईंची मान अशी ताठ झाली की डब्याचं छत लागायचं बाकी राहिलं.

"चंद्रभान, आता फिटला का?" कोपऱ्यात हिशोब मांडत बसलेल्या भाच्याला आबासाहेबांनी विचारलं.

"फिटला, मामा! पाहुण्यांचं वाचलं! पर गेले चार दिस आपुन सगळ्यांनी काढलेली तिकिटं धरली तर..."

"आपला हिशोब कोण इचारायलंय? पाहुण्याचं वाचलं!" आबासाहेब बाकावर उभे राहून ओरडले, आणि बायांनी नवं गाणं उचललं.

नांदेड आलं तरी गाणी संपेनात. पंगत चुडाव्याला मांडलेली, आणि माघारी जायची गाडी पार संध्याकाळी. तेव्हा इंजिनाचा ड्रायव्हर, त्याच्याही गालाला हळद लागलेली, खाली उतरून हात जोडून म्हणाला, "मावशी, उतरू नका." आणि मंडळी, त्यानं ती सबंध गाडी तशीच्या तशी उलट्या पावली चुडाव्यापर्यंत मागे नेली. आबासाहेबांनी ते उलटं अंतरसुद्धा पासात धरायला लावलं!

"थांबा, काका!" इथं स्टँडवर माझ्या पुढ्यात बसलेल्या मुंजाजीनं तंबाखू मळता मळता हात वर केला. "त्या वक्ताला तितं रूळ एकच हुता का न्हाई? मंग पूर्णेकडून समोर यायलेली गाडी कुठं गेली? तुमच्या खिशात?"